चिंधी बांधलेली शेंग

शालन, तुझ्या तेराव्याला चौधारीची भाजी होती. आणि ती मी खाल्ली. सात वर्षांत तुझ्या वेलाची एक शेंग तोंडात घातली नव्हती, ती तुझ्या तेराव्याच्या पंगतीत बसून खाल्ली, आणि वर वाढणाऱ्याला म्हटलं, "थोडी अजून वाढा."

भाजी जून होती. दातात रेषा अडकली. हात धुवायला मागच्या दारी गेले आणि जिभेने ती रेषा काढता काढता मोरीशेजारच्या कचऱ्याच्या टोपलीकडे लक्ष गेलं. देठं, बटाट्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, आणि त्यांत लाल चिंधी. एक नाही, दोन. तुझ्या त्या जुन्या लाल साडीच्या काठाच्या. गाठी तशाच होत्या, डावऱ्या हाताच्या, उलट्या. त्या गाठी पनवेलात दुसऱ्या कुणाच्या असणार?

स्वयंपाकाच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "वेल लगडला होता ना ताई, साहेब म्हणाले घ्या काय हव्या त्या शेंगा. दोन शेंगांना काहीतरी बांधलेलं होतं, ते काढून टाकलं आम्ही."

साहेब म्हणजे आमचा दत्ता. माझा सख्खा धाकटा भाऊ, तुझा नवरा, ज्याचा जन्म त्याच घरात गेला आणि ज्याला चिंधी बांधलेली शेंग तोडायची नसते एवढंही ठाऊक नाही. मी तिथेच त्याच्यावर तोंड सोडलं. बाहेर दुसरी पंगत बसत होती, माणसं माना वळवून बघत होती, बघू देत. तो हात जोडून म्हणाला, "ताई, आज तरी नको गं. एका शेंगेवरून एवढं काय?"

मी तशीच आत वळले. कारण हे वाक्य माझंच आहे, आठवतं तुला?

तुझ्या लग्नाचं ते पहिलंच वर्ष. तू पुण्याची, पेठेतल्या दोन खोल्यांतून आलेली, भाजी म्हणजे मंडईतून पिशवीत येते एवढंच तुला माहीत. आमच्या मागच्या अंगणात आईचा मांडव, त्यावर चौधारी. तू शेंग हातात धरून फिरवून बघितलीस आणि मला विचारलंस, "वन्सं, हिला चारी बाजूंनी झालर कुणी लावली?" मला इतकं हसू आलं होतं. आडवी चिरली की चौकोनी चांदण्या पडतात हे बघून तर तू एका दुपारी पाटीभर शेंगा चिरून ठेवल्यास, आणि त्यांत चिंधीची शेंगही चिरलीस. आई कडाडली. "पहिली शेंग बियाण्याची असते! चिंधी कशाला बांधलीय, नजर काढायला?" तू रडकुंडीला आलीस. तेव्हा शाळेतून आलेली मी, खांद्यावरची पर्स न काढता मध्ये पडले. "आई, बास. एका शेंगेवरून एवढं काय?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, की तुला काय कळतंय यातलं. खरंच होतं ते. मला काहीच कळत नव्हतं, आणि कळू दिलं नव्हतं ते तिनेच.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. आईने मला कधी मातीला हात लावू दिला नाही. "तू शिकतेस ना, शीक. चिखलात तुझं काय काम?" मला तेव्हा त्याचा केवढा तोरा! मी डी.एड. झाले, नोकरीला लागले, साडीला चिखल न लावता घरात पगार आणला. चौतीस वर्षं चौथीच्या वर्गाला फळ्यावर बीजांकुरण शिकवलं. बी, बीजपत्र, मूळ, कोंब, बाणांनी दाखवा. पोरांना ओल्या कापसात वाल ठेवून आणायला लावायचे आणि ज्याला कोंब आला नाही त्याला विचारायचे, "पाणी घातलं नव्हतंस ना, खरं सांग?" अशी मी बाई. आणि तिकडे मागच्या अंगणात आई तिचं सगळं ज्ञान परक्या घरून आलेल्या पोरीच्या ओंजळीत घालत होती.

चौधारी आईने शेव्याच्या माहेराहून आणली होती, लग्नात, लुगड्याच्या गाठीला बांधून. तिच्या आईची ती, आणि तिच्याही आईची असेल. तसंच ते हिरव्या पट्ट्यांचं, काकडीसारखं लांबुडकं तवसं, तशीच सात शिरांची भेंडी, कोंबडीच्या अंड्याएवढी पांढरी वांगी, वेलावर बटाट्यासारखे लटकणारे करांदे. बाजारात ह्यातलं काही येत नाही. पुणेरी पोरगी तू, पाच वर्षांत असली तयार झालीस की शेजारपाजारच्या म्हाताऱ्या तुझ्याकडे विचारायला यायच्या. राख चाळून बरणीत भरायची, त्या राखेत बी ठेवायचं, बरणीला फडकं बांधायचं, ती चुलीच्या वरच्या फळीवर चढवायची. गॅस आला तरी तू ती फळी काढू दिली नाहीस. दत्ता म्हणायचा, स्वयंपाकघर आहे की कोठार.

मी तुझा हेवा करायचे का? हो. करायचे. आता कुणाला भ्यायचंय?

पण तू केलेलंही मला विसरता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. आई लकवा होऊन पडली तेव्हा दोन वर्षं तिचं सगळं तू केलंस, अंथरुणातलं सगळं. मी रविवारी यायचे, पाय चेपायचे आणि संध्याकाळी निघायचे. मला कावीळ झाली त्या वर्षी तू रोज सकाळी पेज घेऊन रेल्वेलाइन ओलांडून नवीन पनवेलला चालत यायचीस, डब्याभोवती ओला टॉवेल गुंडाळून. भाद्रपदात पहिलं तवसं माझ्या घारग्यांसाठी पानाखाली लपवून ठेवायचीस, दत्ताच्या नजरेला पडू नये म्हणून. अशा बाईने मला फसवलं असं मी कसं मानलं, शालन? कसं मानलं ते सांगते. तुझ्या तोंडाला कुलूप होतं म्हणून मानलं.

आई गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्याची गोष्ट. आमच्या रो-हाउसच्या मागे पलंगाएवढी माती आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, वाटलं, आयुष्यभर फळ्यावर रोपं काढली, एक तरी खरं लावावं. आणि लावायचं तर आईची चौधारी. आषाढात तुझ्याकडे आले आणि म्हटलं, "शालन, मला चौधारीचं बी हवं." तू एक शब्द बोलली नाहीस. फळीवरची बरणी काढलीस, राखेतून अकरा बिया वेचल्यास, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून माझ्या हातावर ठेवल्यास आणि तशीच आत चहा टाकायला गेलीस. मी किती वेळ तुझ्या पाठीकडे बघत राहिले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "बघितलंत, आईचं बी मागितलं तर तोंड कसं केलं?" हे म्हणाले, "दात दुखत असेल गं तिचा." आमच्या ह्यांना जगातल्या सगळ्या भांडणांमागे दात दिसतो.

मी बिया लावल्या. आळी केली, शेणखत घातलं, दोऱ्या बांधून वर चढायची सोय सुद्धा करून ठेवली. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. शेजारणीचे दोडके छपरावर गेले आणि माझ्या आळ्यात गवत. शेवटी श्रावणातल्या शुक्रवारी सकाळी माती उकरली. अकरातल्या नऊ बिया सापडल्या. जशाच्या तशा, खड्यासारख्या कडक. कोंब नाही, फुगवटा नाही, काही नाही.

आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. लहानपणापासून ऐकलेलं होतं ना. अमकी बी देते पण उकडून देते, म्हणजे तिच्याशिवाय कुणाकडे ते होऊ नये. आई तिच्या जावेबद्दल हेच बोलायची. मला वाटलं, आई गेली, आता हिला आईची चौधारी एकटीची करायचीय.

तुझ्याकडे त्या दिवशी हळदीकुंकू होतं. ओटीवर गल्लीतल्या बायका, परातीत चणे, तांब्यात दूध. मी चिखलाच्या हातांनी आले. मुठीतल्या बिया तुझ्यासमोर फेकल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "घे तुझं उकडलेलं बी. द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस. माझ्या आईचं बी मला उकडून देतेस?"

चणे सांडले होते, त्यांत बिया गेल्या. तू खाली बसलीस आणि चण्यांमधून एकेक बी वेचायला लागलीस. एक बी उचललंस, अंगठ्याने दाबून बघितलंस आणि तुझा हात थांबला. तो थांबलेला हात मला आजही दिसतो. मग वर बघून तू म्हणालीस, "वन्सं, दूध घ्या."

एवढंच. मी दूध न घेता निघाले. वाटेभर मनात म्हणत होते, बघ, चोर सापडला, तोंडातून शब्द फुटेना.

त्यानंतरची सात वर्षं. हसावं की रडावं, मला कळत नाही. गणपतीला मी यायचे, जेवायचे, आणि तू माझ्यासमोर उभी राहून मृणालला म्हणायचीस, "आत्याला विचार, चहा घेणार का." मी मृणालला म्हणायचे, "आईला सांग, अर्धा कप." पोरगी बिचारी दोन हातांवरच्या दोन बायकांमध्ये निरोप्या होऊन उभी. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघी सरळ पत्रं का नाही लिहीत?" तेव्हा तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, मी बघितलं. माझ्याही आलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि आपण दोघी आईच्याच हाताखालच्या.

दर मार्गशीर्षात तू मृणालबरोबर शेंगा पाठवायचीस. मी त्या घरात शिजवल्या नाहीत. आमच्या दाराशी उरणकडची बायजाबाय भाजी घेऊन येते, तिला देऊन टाकायचे. पहिल्यांदा दिल्या तेव्हा ती त्यांच्यावरून हात फिरवत बसली. "ताई, ही चौधारी कुठनं आनली? आमचे गावान आता नाय मिलत. जमीन गेली, येल पन गेलं." बंदर झालं न्हावा शेवाला, तेव्हापासून त्यांच्याकडे परसात वेल लावायला परस उरलेलं नाही. माझ्या मामाचंही घर गेलं त्यात, त्याच्याबरोबर आजोळचा मांडव गेला. म्हणजे चौधारी तुझ्याच अंगणात राहिली. आणि तू काय करावंस? गल्लीतल्या बायकांनी बी मागितलं की म्हणायचीस, "नको गं बाई, आमच्या हाताचं बी रुजत नाही म्हणे." मृणालने हे मला हसत हसत सांगितलं होतं. मला तेव्हा झोंबलं. मी म्हटलं, टोमणा मारते मेली. त्या टोमण्यापायी तू सात वर्षं कुणाला एक बी दिलं नाहीस, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. माझ्या एका वाक्याने तुझा हात बांधला गेला, आणि तूही असली हट्टी, की बांधूनच ठेवलास. दे ना चार घरी! माझ्या नाकावर टिच्चून द्यायचं होतंस!

मग तुझी किडनी. तुला इस्पितळात ठेवलं तेव्हा मी आले. यायला लागलंच. तू पलंगावर इतकीशी झाली होतीस. मृणाल औषधं आणायला खाली गेली होती, त्यामुळे निरोप्या कुणी नव्हता. तू थेट माझ्याकडे बघितलंस, सात वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणालीस, "वन्सं, चिंधी बांधलेली शेंग कुणाला तोडू देऊ नका. ह्या वर्षी बरणीत काही उरलेलं नाही. सगळं लावलंय."

मी म्हटलं, "बरं बरं. तू आराम कर."

बरं बरं. लहान पोराला म्हणतात तसं. आणि सलाइन संपलं म्हणून नर्सशी भांडायला गेले. मला वाटलं, एवढी आजारी आहे आणि हिच्या डोक्यात शेंग! तुझं बोलणं कानाआड टाकलं मी. चार दिवसांनी तू गेलीस. दिवसांच्या गडबडीत दहा दिवस मी तुझ्या घरी होते, मागच्या दारी कितीदा गेले असेन, कपडे वाळत घालायला, फोनवर रडायला. मांडवाकडे एकदा मान वर करून बघितलं नाही.

आणि मग ती भाजी.

तेराव्यानंतर आठ दिवसांतच बिल्डरची माणसं आली, जमीन तपासायला. घर बिल्डरला दिलंय हे तुला माहीत होतं ना? मला नव्हतं. दत्ताने तुझं डायलिसिस चालू असतानाच सह्या केल्या. तो म्हणतो, "शालनला विचारलं होतं, ती हो म्हणाली." तू कशाला नाही म्हणाली नव्हतीस म्हणा. बोअर मारायचं यंत्र आत जाईना म्हणून त्यांनी मांडव पाडला. मी पोचले तेव्हा वेल रस्त्यावर पडलेला, त्याच्यावरून ट्रक गेलेला. दोन-चार कोवळ्या शेंगा होत्या, बोटाएवढ्या. त्यांत बी कुठलं धरतंय? मी दत्ताला म्हटलं, "माघापर्यंत थांबला असतास तर शेंगा वाळल्या असत्या." तो म्हणाला, "ताई, बिल्डर शेंगांसाठी थांबत नाही." हे त्याचं खरं आहे. त्याचं सगळंच खरं असतं.

त्या रविवारी बायजाबाय दाराशी आली आणि तिने विचारलं, "ताई, अवंदा चौधारी नाय आली?" मी तिच्यासमोर भडभडून बोलले. वेल गेला, बी गेलं, आणि जिचं होतं ती पण गेली. आणि सवयीने पुढचंही बोलून गेले, की मलाही एकदा दिलं होतं बी, पण मेलीने उकडून दिलं होतं.

बायजाबायने टोपली खाली ठेवली. "कुसलं व्हतं?"

"कुसलं नव्हतं. महिनाभराने उकरलं तरी खड्यासारखं कडक."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी चौथीतली ढ पोर आणि ती बाई. "ताई, उकडलेलं बी आठ दिसान कुसतं, चिखल व्हतं त्याचा. कडक र्‍हायलं मंजे जितं हाय. चौधारीची साल जाड असते, घासून लावाया लागते. आमची आय दगडावर घासायची. तुमचे आयेनं नाय शिकवलं?"

तुमचे आयेनं नाय शिकवलं.

शालन, मी दारात बसले. माझ्या डोळ्यांसमोर तुझा तो हात आला, चण्यांतून बी उचलून अंगठ्याने दाबणारा, थांबलेला. तुला त्याच क्षणी कळलं होतं. ते बी जिवंत आहे, मी घासलं नाही, मला घासायचं असतं हेच माहीत नाही, हे तुला तिथल्या तिथे कळलं होतं. तू फक्त एवढंच म्हणायचं होतंस, "वन्सं, घासून लावा." तीन शब्द. तू म्हणालीस, दूध घ्या!

मी तशीच उठून मृणालकडे आले. घर आवरणं चाललं होतं, ट्रंका ओटीवर काढलेल्या. तिला विचारलं, "तुझ्या आईने कुठे एखादं बी ठेवलं असेल का, चौधारीचं? फळीवर, देवघरात, कुठेही?" ती म्हणाली बरणी रिकामी आहे, राख तेवढी आहे. मी राखेत कोपरापर्यंत हात घातला. काही नव्हतं. मग मी तिला विचारलं, घासून लावायचं हे तुला ठाऊक होतं का? "हो," ती म्हणाली, "आई सहाणेवर घासायची, देवाच्या चंदनाच्या. आजी ओरडायची नाही का, म्हणून लपून." आणि ते देताना न बोलणं? "बी देताना बोलायचं नसतं, आत्या. आजीचा नियम. बोललं की बी रुसतं. तुला माहीत नाही?"

नाही माहीत. मला कुणी कधी बी दिलंच नव्हतं, तर माहीत कुठून असणार? पण एक सांग शालन, नियम देतानाचा होता ना? चहा ठेवून बाहेर आल्यावरचा तर नव्हता? दुसऱ्या दिवसाचा नव्हता, सात वर्षांचा तर नव्हताच नव्हता! मी तुझा अपमान केला, चारचौघींत केला, कबूल. पण तू त्याची शिक्षा अशी दिलीस की मला ती शिक्षा आहे हेसुद्धा कळू नये. मी चूक आहे हे तुला रोज माहीत होतं आणि रोज तू मला चूक राहू दिलंस. हा सोशिकपणा नाही. लोक तेराव्याला म्हणत होते, शालनताईंनी कधी कुणाला उलटून शब्द दिला नाही. मी मनात म्हटलं, हो, एक दिला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं मी त्या दिवशी ओटीवर बसून मृणालला ओरडून सांगितलं, जणू तीच तू. पोरीने ऐकून घेतलं. मग आत गेली आणि तुझ्या शिवणाचा डबा घेऊन आली. म्हणाली, "हे काय आहे ते मला कळलं नव्हतं. बटणं असतील म्हणून टाकणार होते."

बामची छोटी डबी. आत नऊ बिया, माझ्या आळ्याची माती वाळून तशीच चिकटलेली. आणि तुझ्या बरण्यांवर लावायचीस तसली कागदाची चिठ्ठी, तुझं ते किरटं अक्षर: "वन्संचं. जितं आहे. घासून लावणे."

लिहून ठेवलंस! कुणासाठी लिहून ठेवलंस, शालन? माझ्यासाठी, तर मग दिलं का नाहीस? मृणाल रोज कॉलेजला जाता-येता माझ्या दारावरून जात होती. शेंगांच्या पिशवीत टाकायची होतीस डबी. मी पिशवी बायजाबायला दिली असती, तरी तिने मला सांगितलं असतं. का तू वाट बघत होतीस, की मी येऊन विचारेन? मी येणारी नव्हते. तुला माहीत होतं मी येणारी नव्हते.

डबी घरी आणून आठ दिवस तशीच ठेवली. खरं सांगते, मला भीती वाटली. सात वर्षं झालेलं बी. नाही आलं तर आईचा वेल संपला, कायमचा, आणि त्याला मीच जबाबदार. आलं तर मी खोटी, सात वर्षं खोटी. दोन्हीकडून मरण माझंच. हे म्हणाले, "अगं, पावसाळ्यात लाव ना, आत्ता कशाला?" पण पावसाळ्यापर्यंत मला दम निघणार होता का?

चार बिया जूनसाठी ठेवल्या, राखेत. तुझ्या बरणीतलीच राख आणली. पाच घेतल्या. आईची सहाण माझ्याकडे आहे, वाटणीत तेवढी मी मागून घेतली होती, शोभेला. तिच्यावर एकेक बी घासलं. एकदा बोटच घासलं. रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या, सकाळी वाटीत ओला कापूस घालून त्यावर मांडल्या. चौतीस वर्षं पोरांना सांगितलं ते पहिल्यांदा स्वतः केलं.

दोन तशाच राहिल्या. दोन फुगल्या आणि कुसल्या. पाचवीला काल सकाळी कोंब आला. पांढरा, वाकडा, नखाएवढा.

मी चहासुद्धा घेतला नाही. वाटी पदराखाली धरली आणि रिक्षा करून तुझ्या गल्लीत गेले. ज्या ज्या त्या दिवशी ओटीवर होत्या त्या सगळ्यांच्या घरी. चारचौघींत बोलले होते, तर चारचौघींतच मागे घ्यायला हवं, एवढी अक्कल मला आहे. पहिल्या घरी वाटी पुढे केली आणि म्हटलं, "हे बघा, शालनने दिलेलं बी. उकडलेलं नव्हतं. माझी चूक होती." ती बाई वाटीत बघून म्हणाली, "कसलं बी हो?" मी आठवण करून दिली, श्रावणी शुक्रवार, चणे सांडलेले, मी चिखलाच्या हातांनी आलेली. ती म्हणाली, "असं झालं होतं का? बसा ना, पाणी घ्या." दुसरीला हळदीकुंकू आठवत होतं, पण त्या वर्षी चणे खवट निघाले होते एवढंच. तिसरी म्हणाली, "जाऊ द्या हो बाई, गेलेल्या माणसाचं काय एवढं मनाला लावून घेता."

पाच घरं फिरले, शालन. कुणालाच आठवत नाही. मी तुला काय म्हटलं ते गल्लीतली एकही बाई घरी घेऊन गेली नव्हती. सात वर्षं ते फक्त आपल्या दोघींना आठवत होतं.

आता मला एकटीलाच आठवतं.